धक्काबुक्कीच्या शर्यतीकडून घड्याळाच्या शर्यतीकडे

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच एक माता दाराशी येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर राग होता आणि रागाच्या तळाशी भीती होती. "फादर," ती म्हणाली, "घरात मी पोराला गाडी हळू चालव म्हणून सांगून सांगून दमले, आणि तुम्ही त्याला हॉलात बसवून मोटारींच्या शर्यती दाखवतासा! आता मी कुणाकडं जाऊ?"

त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. "बाई, विचार करून सांगतो," एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली. पुढे मिळेल ते उत्तर या सदरातूनच द्यावे असे ठरविले; कारण रविवारी सायंकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात सहा-सात तरुण जमतात आणि दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वन नावाच्या शर्यती पाहतात ही गोष्ट खरी आहे, आणि त्यांच्यामध्ये पहिल्या बाकावर आम्ही बसलेले असतो हीही गोष्ट खरी आहे. आम्ही तेथे कसे येऊन बसलो, हे सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही.

वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक आहे की वरिष्ठांच्या आज्ञेने आम्ही काही वर्षे अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराच्या परिसरात सेवा करीत होतो. त्या भागात कॅथलिक थोडे, आणि रविवारी दुपारी सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीकडे: नॅसकारच्या शर्यतीकडे. एक वृद्ध गृहस्थ आजारामुळे घराबाहेर पडू शकत नसत. कॅनापोलिस गावी टॉवेल विणण्याच्या मोठ्या गिरणीत त्यांची उभी हयात गेली होती. आम्ही रविवारी त्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जात असू. प्रार्थना झाली की ते म्हणत, "फादर, घाई नसेल तर बसा, हिरवा बावटा पडायची वेळ झाली." आम्ही पहिल्या खेपेस शिष्टाचार म्हणून बसलो, दुसऱ्या खेपेस कुतूहल म्हणून, आणि तिसऱ्या खेपेपासून आमची खुर्ची ठरून गेली.

स्टॉक कार म्हणजे दुकानात जशी मिळते तशी मोटार. 1949 साली शार्लट येथे या मालिकेची पहिली शर्यत झाली तेव्हा मोटारी खरोखरच तशा होत्या. आता केवळ वरचे रूप घरगुती मोटारीसारखे उरले आहे, आत सारे शर्यतीसाठीच घडविलेले असते. या खेळाचे मूळ फारसे सोवळे नाही. डोंगराळ भागातील लोक मक्याची दारू चोरून गाळीत आणि पोलिसांस चुकविण्यासाठी मोटारीचे इंजिन असे काही फुलवीत की मागून येणारी सरकारी गाडी धुळीत राहावी. (आमच्या सीमाभागातील वाचकांस दारूच्या चोरट्या वाहतुकीचा अर्थ निराळा सांगावयास नको.) असल्या तरुणांपैकी ज्युनियर जॉन्सन हा पुढे 50 शर्यती जिंकणारा नामांकित चालक झाला, 1956 साली दारूच्याच प्रकरणात त्याने तुरुंगवास भोगला, आणि 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यास माफी दिली.

शर्यत बहुधा अंडाकृती मार्गावर होते. चालक डावीकडेच वळत राहतात, म्हणून बाहेरचे लोक हसतात. आम्हीही प्रथम हसलो होतो. परंतु 35 ते 40 मोटारी, प्रत्येकी साधारण दीड टन वजनाची, एकीच्या नाकाला दुसरीची शेपटी लावून ताशी 300 किलोमीटरच्या आसपास धावू लागल्या की हसू थांबते. डेटोना येथील मार्ग अडीच मैलांचा, आणि वळणावर रस्ता 31 अंशांनी उभा केलेला, म्हणजे एखाद्या घराच्या उतरत्या छपरासारखा. पुढची मोटार वारा फोडते, मागची तिच्या आडोशाने जाते. दोन मोटारी चिकटून धावल्या तर एकटीपेक्षा दोघींचा वेग वाढतो. त्यामुळे शत्रूच्या साहाय्यावाचून तेथे जिंकता येत नाही, आणि शेवटच्या फेरीत ज्याने ढकलले त्यालाच मागे टाकावे लागते. उलट मार्टिन्सव्हिलचा मार्ग जेमतेम अर्ध्या मैलाहून किंचित मोठा; तेथे मोटारी एकमेकींस घासत, ढकलत चालतात, आणि जिंकणाऱ्यास करंडकाऐवजी उंच लाकडी लंबकाचे घड्याळ मिळते. शर्यतीपूर्वी कोणी पाळक उभा राहून प्रार्थना म्हणतो, सहस्रावधी लोक टोप्या काढून उभे राहतात, मग राष्ट्रगीत, मग इंजिनांचा गडगडाट. आमच्यासारख्या माणसास हा क्रम आवडला यात नवल नाही.

स्वदेशी परतल्यावर मात्र आमची पंचाईत झाली. तेथील रविवार दुपारची शर्यत म्हणजे आपल्याकडील रविवारची मध्यरात्र उलटून गेलेली वेळ. सोमवारी पहाटेची मिस्सा ज्यास म्हणावयाची आहे त्याने रात्री साडेतीनपर्यंत जागावे कसे? एक-दोनदा तो प्रमाद आमच्या हातून घडला, आणि पुराण वाचनाच्या ओळी डोळ्यांपुढे तरंगू लागल्या तेव्हा आम्ही तो नाद सोडला. गंमत अशी की युरोपातील फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे सायंकाळी साडेसहाला सुरू होते. आणि अमेरिकेत हीच शर्यत नेमकी रविवारी सकाळी, मिस्सेच्या वेळी लागत असल्यामुळे तेथे असताना आम्ही ती एकदाही पाहिली नव्हती. आमचे मतांतर झाले ते अशा प्रकारे घड्याळामुळे झाले. त्यात बुद्धीचा किंवा आवडीचा भाग सुरुवातीस मुळीच नव्हता.

पहिली संपूर्ण शर्यत पाहिली ती 26 मे 2024 रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी. मोनाको नावाच्या चिमुकल्या राज्यात, समुद्रकाठच्या शहराच्या गल्लीबोळांतून 3.337 किलोमीटरच्या 78 फेऱ्या. पहिल्याच फेरीत तीन मोटारींचा चुराडा झाला, लाल बावटा लागला, आणि थांबलेल्या वेळात बहुतेकांनी टायर बदलून घेतले. पुढे उरलेला सारा वेळ एकामागे एक मोटार अशी मिरवणूक निघाली. पहिले दहा ज्या क्रमाने उभे राहिले होते त्याच क्रमाने, एकाचाही पालट न होता, शेवटास आले. आम्ही दोनदा डुलकी घेतली. शार्ल लेक्लेर हा मोनाकोचाच पुत्र जिंकला. 1931 साली लुई शिरों जिंकल्यानंतर त्या भूमीतील कोणी तेथे जिंकलेला नव्हता, म्हणून तेथील लोक रडत होते, आणि आमची मुले टाळ्या पिटीत होती. आम्ही म्हणालो, "अरे, यात शर्यत कोठे होती? आमच्या मार्टिन्सव्हिलला एका फेरीत याहून अधिक घडते."

तेव्हा आयटीआयमध्ये शिकणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "फादर, तुम्ही मोटारी बघतासा. डाव्या बाजूचे आकडे बघा."

हा मुलगा म्हणजे त्याच मातेचा मुलगा, हे येथेच सांगून टाकतो.

पडद्याच्या डाव्या कडेस चालकांची नावे आणि प्रत्येकापुढे सेकंदांचा आकडा असतो, त्याकडे आम्ही तोवर ढुंकूनही पाहिले नव्हते. स्टॉक कारच्या भक्तास अंतर डोळ्यांनी मोजण्याची सवय असते: दोन बोटे, एक हात, दारास दार. या दुसऱ्या खेळात एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन मोटारी कधी कधी एकमेकींस दिसतही नाहीत. एक शहराच्या या टोकास असते, दुसरी त्या टोकास, आणि मध्ये 20 सेकंद असतात. हे 20 सेकंद पुष्कळ आहेत की थोडे आहेत, हे टायरवरून ठरते.

कोरड्या हवामानात प्रत्येकास शर्यतीत निदान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात, म्हणजे एकदा तरी थांबावे लागते. इंधन शर्यतीत भरता येत नाही; 2010 पासून ती बंदी आहे. नॅसकारमध्ये पाच गडी कठड्यावरून उडी मारतात, टायर बदलतात, जड डबा खांद्यावर घेऊन इंधन ओततात, आणि सारे नऊ-दहा सेकंदांत झाले तर शाबासकी मिळते. फॉर्म्युला वनमध्ये वीसएक माणसे मोटारीभोवती गोळा होतात, आणि चारी टायर दोन-अडीच सेकंदांत बदलले जातात. 2023 साली कतार येथे मॅक्लारेन संघाने हे काम 1.80 सेकंदांत केले. आम्ही हे प्रथम पाहिले तेव्हा काही बिघाड होऊन मोटार टायर न बदलताच निघाली असे समजलो.

थांबण्याचा क्षण निवडणे यातच निम्मी लढाई असते. समजा तुम्ही माझ्या मागे दीड सेकंदावर आहात आणि मला मागे टाकता येत नाही. तुम्ही माझ्या आधी थांबून नवे टायर घालता. मी जुन्या, झिजलेल्या टायरवर आणखी एक-दोन फेऱ्या करतो, तेवढ्यात तुम्ही नव्या टायरवर प्रत्येक फेरीत एक-दोन सेकंद कमावता. मी थांबून बाहेर येतो तो तुम्ही माझ्या पुढे. कोणी कोणास स्पर्श केला नाही, कोणी कोणास रस्त्यावर गाठलेही नाही, तरी मात झाली. हे समजल्यावर आमच्या लक्षात आले की मोनाकोत आम्ही झोपलो होतो तेव्हाही पुढचा चालक टायर वाचविण्यासाठी मुद्दाम संथ जात होता, आणि मागचे सारे त्याच्या मनात काय आहे याचा हिशेब करीत होते.

वाऱ्याचे शास्त्र मात्र आम्हांस पुन्हा पहिल्या इयत्तेपासून शिकावे लागले. स्टॉक कारमध्ये पुढच्याच्या आडोशास जाणे म्हणजे लाभ. येथे सरळ रस्त्यावर तो लाभ आहे. पण वळणावर तोच घात करतो. या मोटारीची चाके उघडी, पुढे-मागे पंख, आणि वारा त्या पंखांवरून जाताना मोटारीस जमिनीकडे दाबतो. या दाबामुळेच ती वळण विलक्षण वेगाने घेते. चालकासह 2025 साली तिचे किमान वजन 800 किलो होते, म्हणजे स्टॉक कारच्या जवळजवळ निम्मे. पुढच्या मोटारीने वारा घुसळून टाकला की मागचीवरचा दाब कमी होतो, टायर घसरतात, तापतात, आणि चालकास अंतर ठेवावे लागते. म्हणून मिरवणूक. यावर उपाय म्हणून 2011 ते 2025 या काळात एका सेकंदाच्या आत आलेल्यास ठराविक सरळ रस्त्यावर मागच्या पंखाची फळी उघडण्याची मुभा होती. आमच्या कॅनापोलिसच्या वृद्ध मित्रास ही युक्ती सांगितली असती तर ते म्हणाले असते की ज्यास धक्का देता येत नाही त्यास खिडकी उघडून द्यावी लागते.

धक्क्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. तेथे किंचित ढकलणे हा खेळाचा भाग मानतात. येथे पंच पाच किंवा दहा सेकंदांचा दंड करतात. प्रथम आम्हांस हे फारच नाजूक वाटले. परंतु उघड्या चाकास उघडे चाक लागले तर मागची मोटार हवेत उडते, हे एकदा पाहिल्यावर आमची तक्रार संपली.

ज्या वाचकांचे आप्त अमेरिकेत आहेत आणि ज्यांस आमच्याप्रमाणे स्टॉक कारची गोडी लागली आहे, त्यांनी या नव्या खेळात पुढच्या क्रमांकांकडे पाहून सुरुवात करू नये, असा आमचा अनुभव आहे. आधी शनिवारची चाचणी पाहावी. त्यात प्रत्येक चालक एकटा, रस्ता मोकळा, आणि एकाच फेरीत सारे कौशल्य पणास लावलेले. मग रविवारी आठव्या ते बाराव्या क्रमांकाकडे नजर ठेवावी. पहिल्या दहांसच गुण मिळतात, त्यामुळे दहावा आणि अकरावा यांची झटापट अगदी मार्टिन्सव्हिलच्या तोडीची असते. आणि पाऊस पडावा अशी आशा करावी. अंडाकृती उभ्या मार्गावर पाऊस आला की शर्यत थांबते आणि लोक छत्र्या उघडतात. येथे पावसाचे टायर चढवून पुढे जातात. बेल्जियममधील स्पाचा मार्ग सात किलोमीटर लांबीचा आहे. एका टोकास सरी आणि दुसऱ्या टोकास ऊन असा प्रकार तेथे घडतो, आणि आपल्या श्रावणाची ओळख असलेल्यास तेथील हवामान चटकन कळते.

संघाचा प्रश्न मात्र आम्हांस अजून पुरता पचलेला नाही. प्रत्येक संघाच्या दोन मोटारी, आणि चालकांच्या विजेतेपदाबरोबर संघांचेही विजेतेपद. 21 जुलै 2024 रोजी हंगेरीत मॅक्लारेनचा ऑस्कर पियास्त्री पुढे होता आणि त्याच संघाचा लँडो नॉरिस मागे. संघाने मागच्यास आधी थांबविले. वर सांगितलेल्या हिशेबाने तो पुढे गेला. मग संघ त्यास पुन्हा पुन्हा सांगू लागला की जागा परत दे. तो कितीतरी फेऱ्या पुढेच राहिला, आणि 70 पैकी 68व्या फेरीत त्याने वेग कमी करून सहकाऱ्यास जाऊ दिले. पियास्त्रीचा तो पहिला विजय. आमच्या सभागृहात त्या सायंकाळी जो वाद झाला तसा वाद धर्मग्राम परिषदेतही आम्ही ऐकलेला नाही. "जिंकलेली शर्यत कोणी देतो का?" एक म्हणे. "ती त्याची नव्हतीच," दुसरा म्हणे. नॉरिस 2025 साली जगज्जेता झाला, तरी आमच्या मुलांचा तो वाद मिटलेला नाही, आणि आम्ही कोणाची बाजू घेतली हे येथे सांगणार नाही.

दुसऱ्या एका वादात मात्र आम्ही एकटेच पडतो. 12 डिसेंबर 2021 रोजी अबुधाबी येथे लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन हे दोघे प्रत्येकी 369.5 गुण घेऊन शेवटच्या शर्यतीस उतरले. हॅमिल्टनने दिवसभर आघाडी कमावली होती. शेवटच्या पाचेक फेऱ्या उरल्या असता मागच्या एका मोटारीचा अपघात झाला, सेफ्टी कार आली, सारे गोळा झाले, व्हर्स्टॅपनने नवे टायर घातले, हॅमिल्टनला ते शक्य झाले नाही. नियमांचा वेगळाच अर्थ लावून अधिकाऱ्यांनी एक फेरी मोकळी करून दिली, आणि त्या एका फेरीत जगज्जेतेपद फिरले. पुढे त्या अधिकाऱ्यास पद सोडावे लागले. मुले अजून त्यास अन्याय म्हणतात. नियम वाकविला गेला हे आम्हांसही मान्य आहे. तथापि नॅसकारच्या माणसास दिवसभराची आघाडी पिवळ्या बावट्याने पुसली जाणे हे नित्याचे. तेथे शर्यत सेफ्टी कारमागे संपू नये म्हणून जादा फेऱ्याही देतात. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासास आलेल्या मजुरासही पूर्ण दिनार मिळतो ना, तसा हा प्रकार. नॅसकार त्या धन्याच्या पक्षाचा आहे, आणि फॉर्म्युला वनचे प्रेक्षक सकाळपासून उन्हात राबलेल्या मजुरांच्या पक्षाचे. कुरकुर करणाऱ्या त्या मजुरांचे म्हणणे काय होते, हे आम्हांस व्याख्यान देताना इतके स्पष्ट कधी कळले नव्हते.

दोन्ही खेळांत वावरलेली माणसेही आहेत. मारिओ आंद्रेत्ती हा इस्त्रियात जन्मला, युद्धानंतर कुटुंबासह निर्वासित होऊन इटलीच्या लुका येथील छावणीत त्याचे बालपण गेले, 1955 साली अमेरिकेस गेला. त्याने 1967 साली डेटोनाची 500 मैलांची शर्यत जिंकली आणि 1978 साली फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद. आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयन, कोइमतूरचा, 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय. तोच 2010 साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला, आणि पहिलीच शर्यत होती मार्टिन्सव्हिलची. तो तेथे तेरावा आला. ही बातमी आम्ही मुलांस सांगितली तेव्हा प्रथमच त्यांनी आमच्या जुन्या खेळाकडे आदराने पाहिले.

आता त्या मातेच्या भीतीकडे येतो, कारण तिच्या प्रश्नाचे खरे मूळ तेथे आहे.

या खेळात माणसे मरतात. 1958 साली फ्रान्समधील रँस येथे इटलीचा लुइजी मुस्सो फेरारीच्या मोटारीत मरण पावला, तेव्हा व्हॅटिकनच्या 'लॉस्सेर्वातोरे रोमानो' या पत्राने एन्झो फेरारी यांची तुलना आपलीच मुले गिळणाऱ्या सॅटर्न देवाशी केली होती. आदल्याच वर्षी रस्त्यावरच्या एका शर्यतीत फेरारीची मोटार उलटून दोघा स्वारांसह नऊ प्रेक्षक ठार झाले होते, त्यांत पाच बालके होती. पत्राचा राग अनाठायी नव्हता. पुढे 30 वर्षांनी, 4 जून 1988 रोजी, पोप दुसरे जॉन पॉल फेरारीच्या गावी, मारानेल्लोस गेले आणि तेथील धावमार्गावर उघड्या मोटारीतून फिरले. फेरारी अंथरुणास खिळले होते, त्यांच्याशी पोपमहाशय दूरध्वनीवरून बोलले. त्याच ऑगस्टमध्ये फेरारी वारले. या दोन प्रसंगांमध्ये मधल्या काळात काय बदलले हा प्रश्न आम्ही पुष्कळदा स्वतःस विचारला आहे. शर्यत त्यानंतरही सुरक्षित झाली नव्हती; 1994 साली इमोला येथे 30 एप्रिलला रोलांड रात्झेनबर्गर आणि 1 मेला आयर्टन सेना असे दोघे एकाच आठवड्याअखेर गेले.

आमच्या वृद्ध मित्राच्या भिंतीवर काळ्या रंगाच्या, 3 क्रमांकाच्या शेव्हरलेचे चित्र होते. डेल अर्नहार्ट हा त्यांच्याच कॅनापोलिसचा मुलगा, सात वेळा विजेता. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना येथे, शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणाच्या सुमारास त्याची मोटार भिंतीवर आदळली. पुढे त्याच्याच संघाची मोटार पहिली आली, त्याचा मुलगा दुसरा आला, आणि बाप मागे गेला होता. धडक पाहून कोणास तो मृत्यू वाटला नाही, इतकी ती साधी दिसत होती. कवटीच्या तळाचे हाड मोडले होते. डोके मागे-पुढे झोकांडू नये म्हणून खांद्यावर जू ठेवून हेल्मेट पट्ट्यांनी त्यास बांधण्याचे एक साधन मिशिगनमधील रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकाने 1980 च्या दशकातच तयार केले होते. अर्नहार्टला ते आवडत नसे. त्याने ते लावलेले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने अशी साधने सक्तीची केली, 2003 साली फॉर्म्युला वननेही. आणि 2001 नंतर 2025 अखेरपर्यंत नॅसकारच्या त्या प्रमुख मालिकेच्या शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. त्या दिवशी आमच्या मित्राने संच बंद केला, तो वर्षभर लावला नाही. मग पुन्हा का लावला, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "बायको म्हणाली, रविवारी घर फार शांत वाटते."

फॉर्म्युला वनमध्ये हास नावाचा अमेरिकी संघ 2016 साली आला. त्याचे मुख्य ठिकाण कोठे असेल? त्याच कॅनापोलिसला. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीन येथे या संघाचा रोमँ ग्रोजाँ ताशी 192 किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसला. मोटारीचे दोन तुकडे झाले, आग भडकली, आणि 28 सेकंद तो ज्वाळांत होता. मग तो स्वतः कठड्यावरून बाहेर आला. खांद्यावर ते जू होते; आणि डोक्याभोवती 2018 पासून सक्तीची झालेली लोखंडासारखी भक्कम कमान होती, जिला हॅलो म्हणतात. संतांच्या चित्रात डोक्यामागे जे तेजोवलय असते त्याचेच हे नाव. ग्रोजाँ स्वतः त्या कमानीच्या विरुद्ध बोलत असे. तिच्यावाचून आपण वाचलो नसतो असे त्याने पुढे कबूल केले. आम्ही ही चित्रफीत मुलांस दाखविली तेव्हा सभागृहात कोणी बोलले नाही.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. अमेरिकेत असताना मोठा अपघात झाला की प्रेक्षक टाळ्या वाजवीत उठून उभे राहत, आणि एकदा मैदानावर गेलो असता आम्हीही उठून उभे राहिलो होतो. पाहण्यासाठी. चालक बाहेर येऊन हात हलवीपर्यंत आमच्या मनात प्रार्थना आली नव्हती. त्या मातेने सॅक्रिस्टीच्या दाराशी जो प्रश्न विचारला तो आम्हांस इतका बोचला याचे कारण हे आहे.

शर्यत पाहणे आम्ही बंद केलेले नाही. पहिल्यासारख्या निर्धास्त मनाने आम्ही ती पाहू शकत नाही, आणि पाहू नये असेही आम्हांस वाटते. परंतु सभागृहाच्या दारावर आता एक कागद लावला आहे: दुचाकीवरून विनाहेल्मेट येणाऱ्यास प्रवेश नाही. मुलांनी कुरकुर केली. चर्चपासून घर अर्ध्या किलोमीटरवर, त्यासाठी कसले हेल्मेट, असे ते म्हणाले. आम्ही म्हणालो, अर्नहार्टचेही शेवटच्या रेषेपर्यंत तेवढेच अंतर उरले होते.

पुढच्या रविवारी त्या मातेचा मुलगा पायी आला. घरात एकच हेल्मेट होते, आणि ते बापाने नेले होते. त्याच्यामागोमाग, दाराशी थोडी घुटमळून, तीही आली. खात्री करून घ्यावयास आली असावी. शेवटच्या बाकावर पदर सावरून बसली. शर्यतीतले तिला काही कळले असेल असे वाटत नाही, पण टायर बदलताना ती पुढे वाकून पाहत होती. शर्यत संपली, पहिला आलेला चालक घामाने थबथबलेला बाहेर पडला आणि काट्यावर उभा राहिला.

"ह्याला कशाला तोलतात?" तिने विचारले.

मुलगा मागे वळून सांगू लागला की मोटारीचे आणि चालकाचे मिळून वजन ठरलेल्याहून कमी भरता कामा नये, आणि उकाड्याच्या शर्यतीत घामानेच माणसाचे दोन-तीन किलो उतरते.

"दोन-तीन किलो?" ती म्हणाली. "मग त्याची आई कुठं हाय? आधी त्याला पाणी द्या म्हणावं."